पाहुण्यांच्या वाट्याचा काळोख

पाहुण्यांची खोली गडद निळी करायची ठरली तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो खोली लहान दिसेल हा. दुसरा, काळोख होईल. तिसरा प्रश्न कुणी तोंडाने विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता: आल्या-गेल्याला अशा काळपट खोलीत निजवायचं, हे शोभतं का? पहिल्या दोघांची उत्तरं रंगाने आपली आपण दिली. तिसऱ्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे.

आधी खोली सांगते. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटची ही मागची, उत्तरेची खोली. दहा बाय अकरा. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन या खोलीत शिरतच नाही. इतकी वर्षं तिला बाकीच्या घरासारखा ऑफव्हाइट होता आणि तो तिथे कधीच ऑफव्हाइट दिसला नाही. पांढऱ्याला पांढरं दिसायला उजेड लागतो. उजेड नसला की तो मळका राखाडी होतो, कोपऱ्यांत तर धुरकट. दर रंगकामाला आम्ही आणखी फिकी शेड घ्यायचो आणि दर वेळी भर दुपारी ट्यूब लावून बसायचो. म्हणजे काळोख तिथे आधीपासून राहत होता, आम्ही त्याला हाकलायला बघत होतो. खोलीचा स्वभावच मंद उजेडाचा असेल तर तिच्या स्वभावाला धरून रंग का देऊ नये, हा विचार एकदा मनात आला तो गेला नाही. मग शेड कार्डची शेवटची पानं, ज्यांच्यावरून नजर सहसा घसरत पुढे जाते, ती मी खिडकीशी नेऊन नीट बघितली.

निवडलेला निळा चिंतामणी नव्हे, मोरपंखीही नव्हे. आजीची संक्रांतीची चंद्रकळा उन्हात धरली की तिच्या काळ्यात जी निळी झाक दिसायची, ती. काळा रंग अशुभ मानणाऱ्या आपल्याच घरांत संक्रांतीला काळी साडी नेसतात, तान्ह्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात, मंगळसूत्रात काळे मणी ओवतात. थंडीत ऊब हवी, दृष्टीपासून आडोसा हवा, की आपण काळ्याकडे वळतो. या निळ्याकडे मी त्याच ओढीने वळले असेन.

पेंटरना मात्र पटलं नव्हतं. ‘ताई, हा रंग हॉटेलवाले मारतात. घरात एकच भिंत हायलाइट करा, बाकीच्या तीन क्रीम ठेवा.’ असं हल्ली सगळीकडे करतात आणि मला ते कधीच आवडलेलं नाही. एक भिंत गडद केली की ती बघायची वस्तू होते. आपण तिच्यासमोर उभे राहतो. चारही भिंती गडद झाल्या की आपण रंगाच्या आत जातो. मी छतसुद्धा निळंच मागितलं. ते थोडा वेळ गप्प उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘मग लांबी नीट भरावी लागेल, आणि घाई करायची नाही.’

त्यांनी खरोखर घाई केली नाही. फिका रंग भिंतीचे उंचवटे पोटात घालतो, गडद रंग एकेक दाखवतो. लांबी भरून झाल्यावर त्यांनी होल्डरला बल्ब लावला, तो भिंतीला अगदी टेकवून आडवा धरला आणि त्या तिरप्या उजेडात सावली पडेल तिथे तिथे पेन्सिलीने खुणा केल्या. मग पॉलिश पेपरने घासकाम, पुन्हा बल्ब, पुन्हा घासकाम. पांढऱ्या प्रायमरऐवजी राखाडी. रंगाच्या दुकानात मशीनखाली डबा ठेवला तेव्हा त्यातला बेस जवळजवळ पारदर्शक होता. गडद शेडच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रंगाला झाकायची ताकद देणारं पांढरं, नावालाच असतं. म्हणून हा रंग एका हातात झाकत नाही. निळ्याची धार पडली, मागून काळ्याची. हा निळा बहुतेक रंगांत फ्थॅलोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात १९२८ साली तो अपघाताने हाती लागला आणि १९३५ मध्ये बाजारात आला. त्याआधीचा प्रसिद्ध प्रशियन निळाही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये असाच अपघाताने सापडलेला. निळ्याच्या इतिहासात दैवाचा हात मोठा आहे.

पहिला हात मारल्यावर खोली भयंकर दिसत होती. रोलरचे पट्टे, मधूनच डोकावणारा राखाडी, कडांना जांभळट ओघळ. घरातल्यांनी दारातून बघितलं आणि कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या हाताला पेंटरनी दुपारचा चहा नाकारला. ओली कड वाळली की जोड कायमचा दिसतो, त्यामुळे एक भिंत सुरू केली की पुरी करूनच थांबायचं. वरून खाली, ओल्यात ओलं मिळवत ते सरकत गेले, आणि त्यांच्यामागे भिंत हळूहळू एकसंध होत आली.

छत निळं केल्याचा फायदा दुसऱ्या दिवशी कळला. पांढरं छत असतं तर भिंत जिथे संपते तिथे रेघ उमटली असती आणि नजरेने खोली लगेच मोजली असती. आता कोपरे दिसत नाहीत. भिंत किती लांब आहे हे डोळ्यांना ठामपणे सांगता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते लहानही वाटत नाही. राहिला काळोख. तो आहेच. ऑफव्हाइट भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे ऐंशी टक्के परत फेकते, असा गडद निळा दहा टक्केही नाही. खोलीत उजेड एका भिंतीवरून दुसरीवर असा उड्या मारत फिरतो. पांढऱ्या खोलीत तीन उड्यांनंतर त्यातला निम्मा शिल्लक असतो, निळ्या खोलीत हजारातला एखादा भाग. म्हणून पांढऱ्या खोलीत एक दिवा लावला की सगळी खोली उजळते, इथे दिवा जिथे असतो तिथेच असतो. उशाशी दिवा लावला तर उशी, पुस्तक आणि हात एवढंच उजळतं. आम्ही ट्यूब काढून टाकली आणि उशाशी एक, खुर्चीशी एक असे पिवळ्या उजेडाचे दोन दिवे ठेवले.

संध्याकाळी दिवे लावायच्या आधीचा अर्धा तास या खोलीत जाऊन बसावं. पलंगावर लाल काठांची गोधडी आहे. दिवसभर त्या खोलीत सगळ्यात उठून दिसतो तो लाल. उजेड उतरत गेला की तो तपकिरी होतो, मग काळा, आणि त्याच वेळी भिंतींचा निळा वर येतो, आतून उजळल्यासारखा. यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं, आणि त्याचंच नाव या गोष्टीला आहे. भर उजेडात आपण डोळ्यांतल्या शंकुपेशींनी बघतो, अंधूक उजेडात दंडपेशींनी. या दुसऱ्यांना लाल जवळपास दिसतच नाही, निळा-हिरवा चांगला दिसतो. कारण समजलं म्हणून त्या अर्ध्या तासाची जादू माझ्यापुरती तरी कमी झालेली नाही.

आणि पितळ. पाहुण्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र, ही आमच्याकडची जुनी रीत. ऑफव्हाइट भिंतीपुढे तो तांब्या कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हता. आता दिव्याची एवढीशी तिरीप त्याच्या पोटावर पडते आणि खोलीभर तेवढंच सोनं असतं. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी याने १९३३-३४ मध्ये सावलीच्या सौंदर्यावर लिहिलेल्या निबंधात म्हटलं आहे की लाखेच्या भांड्यांवरची सोन्याची नक्षी मंद उजेडात बघण्यासाठीच असते. विजेच्या लख्ख दिव्याखाली ती भडक होते. व्हिसलर या चित्रकाराने १८७६-७७ मध्ये लंडनमधल्या एका धनिकाचं जेवणघर गडद निळ्या-हिरव्याने आणि सोन्याने रंगवलं. ती खोली होती चिनी मातीची निळी-पांढरी भांडी मांडण्यासाठी. मयूरकक्ष म्हणून ती आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात अख्खीच्या अख्खी उभी आहे. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहितात तो घराच्या आतल्या, काळोख्या भिंतीवर. शेणमातीने सारवून गेरूने रंगवलेली भिंत, आणि तिच्यावर सवासिणींनी तांदळाच्या पिठाने काढलेली पालघाट देवी. उजळ भिंतीवर ती पांढरी रेघ उमटणारच नाही.

आपल्या जुन्या घरांना हा काळोख ठाऊक होता. कोकणातल्या घराचं माजघर घ्या. बाहेर ओटी-पडवीवर ऊन आणि वर्दळ. आत माजघरात खिडकी नाही, असलाच तर काचेच्या एखाद्या कौलातून उतरलेला उजेडाचा खांब, त्यात तरंगणारी धूळ. बाळंतिणीला काळोखी खोली मिळे. ताप आलेल्याला आत निजवत. त्या काळोखात बायकांचं सोसणंही पुष्कळ दडलेलं होतं, ते मी विसरत नाही, आणि घरांत खिडक्या आल्या हे चांगलंच झालं. पण खिडक्यांबरोबर आपण हेही ठरवून टाकलं की घर जितकं उजळ तितकं ते चांगलं, आणि विसावा घेण्याची आतली जागा घराच्या नकाशातून निघून गेली.

आता तो तिसरा प्रश्न. पाहुणा म्हणून जाणं हे कष्टाचं काम आहे. दुसऱ्याच्या घरी माणूस दिवसभर नीट बसतो, वाढलेलं संपवतो, विचारलं की झोप छान लागली म्हणतो, बाथरूम मोकळं कधी होईल याचा अंदाज घेत राहतो. यजमान कितीही मायेचा असो, हे सुटत नाही. आणि मग रात्री आपण त्याला पाठवतो ते एका लख्ख पांढऱ्या खोलीत, जिथे चादरीची सुरकुती दिसते, उघडी बॅग दिसते, तो स्वतःच स्वतःला दिसतो. पाहुण्याला घरात सगळ्यात जास्त गरज असते ती पाहुणेपण उतरवून ठेवायच्या जागेची. ती उजेडात होत नाही. आम्ही त्या खोलीत दिवसचे दिवस राहणार असतो तर कदाचित मीही हा रंग दिला नसता. पण पाहुणा तिथे येतो तो रात्रीचा, दमलेला.

हे मला सुचलं ते आत्यामुळे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती रत्नागिरीहून आली आणि आठवडाभर त्या खोलीत राहिली. रंगाबद्दल पहिल्या दिवशी एक शब्द बोलली नाही. डोळ्यावर हिरवी पट्टी होती, उजेड खुपत होता, जेवण झालं की उठून आत जायची. एकदा मी औषधाचे थेंब घालायला गेले तर दिवा न लावताच पडलेली.

‘आत्या, दिवा लावू?’

‘नको गं. माजघरात निजल्यासारखं वाटतंय.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘बाहेर बसलं की बरं आहे, बरं आहे म्हणावं लागतं सगळ्यांना. इथे आलं की नाही म्हणावं लागत.’

सगळ्यांना ही खोली मानवते असं नाही. माझी एक जवळची मैत्रीण तिथे झोपू शकत नाही. ती आली की हॉलमध्ये गादी घालते आणि आम्ही उशिरापर्यंत बोलत बसतो. रंगाचे हट्टही आहेत. बॅग घासली की पांढरा ओरखडा उठतो. तेवढ्यापुरता ब्रश फिरवला तर तो ठिपका वेगळा चमकतो, म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागते. पावसाळ्यात ओल आली तर लोण्याची पांढरी नक्षी या निळ्यावर लपत नाही. बाहेरून वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय असा रंग कुणी देऊ नये.

मागच्या महिन्यात भाचीचा ठाण्याहून फोन आला. तिला शेडचा नंबर हवा होता. तिच्याकडेही सासू-सासरे येऊन-जाऊन असतात आणि त्यांची खोली तिला रंगवायची आहे. मी नंबर दिला नाही, खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारलं. पश्चिमेला, आणि समोर मोकळं मैदान. म्हणजे दुपारी तीनपासून तांबूस ऊन थेट भिंतीवर. त्या उन्हात माझा निळा मातकट होईल. तिला म्हटलं, तू अंजिरी बघ. बाजारातून दोन-तीन छोटे डबे आण, मोठ्या पुठ्ठ्यांवर लाव, आणि ते पुठ्ठे चारही भिंतींवर फिरवून सकाळी, पाच वाजता आणि दिवा लावल्यावर बघ. आणि सासूबाई आल्या की त्यांना दाखव. झोपायचं त्यांना आहे.