मरियेचा रंग

नाताळ तोंडावर आला की आमच्या धर्मग्रामातील मुलांचे नाटक बसविण्याचे काम माझ्याकडे येते. मेंढपाळांच्या खांद्यांवर सोलापुरी चादरी, योसेफाच्या हाती वेळूची काठी. एवढ्यावर आमचे बेथलेहेम उभे राहते. वर्गातील सर्वांत गोऱ्या मुलीला मरिया करावयाचे व सर्वांत सावळ्या मुलाला बाल्थाझार, हा शिरस्ता मी वर्षानुवर्षे पाळला. बाल्थाझारच्या तोंडाला वर काजळही फासले.

गेल्या वर्षी एका सावळ्या मुलीने विचारले, ''सर, मरिया गोरी होती असं शुभवर्तमानात कुठं लिहिलंय?''

लिहिलेले नाही, हे मला ठाऊक होते. तरीही ''पुढच्या वर्षी बघू'' असे म्हणून मी तिला देवदूतांच्या रांगेत, मागे, उभे केले.

त्याच आठवड्यात पाहुण्यांना घेऊन डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात जाणे झाले. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथील क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्यावरील व्ही. शांताराम यांचा १९४६चा चित्रपट मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला होता. त्यात कोटणीस स्वतः शांताराम, आणि चिनी पत्नी झाल्या होत्या जयश्रीबाई. इतकी वर्षे माझ्या मनात ती बाई म्हणजे जयश्रीबाईच. म्हणून स्मारकात छिंगलानबाईंचे छायाचित्र पाहिले तेव्हा तो खरा चेहराच मला परका वाटला. मी ओशाळलो.

शांतारामांना दोष द्यावा असे मात्र वाटेना. त्या काळी हिंदी बोलणारी चिनी नटी मिळणे सोपे नसावे. त्याही आधी, १८९० साली, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तेव्हा शेक्सपिअरचा मूर सरळ मराठमोळा सरदार झाला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. पण ऑथेल्लो कल्पनेतला. छिंगलानबाई तर चित्रपट निघाला तेव्हा हयात होत्या. २०१२ साली त्या वारल्या. जिवंत माणसाचा चेहरा पुसला जाणे ही गोष्ट निराळी.

मग मरियेचे काय? ती नासरेथची यहुदी कन्या. भूमिकेला वंश जुळलाच पाहिजे असा नियम केला, तर आमच्या सोलापुरात मरिया कोणीच होऊ शकणार नाही, आणि नाटकच बंद करावे लागेल. इथल्या मुलीने मरिया व्हावे यात मला काही गैर दिसत नाही. गैर होते ते माझे निवडणे. वंश मी खुशाल ओलांडत होतो; अडत होतो तो फक्त रंगापाशी, आणि तेही दरवेळी गोऱ्याच बाजूला झुकून.

यंदा मरियेची भूमिका त्या मुलीला दिली. एका पालकांनी ''शोभेल का?'' असे हळूच विचारलेच. मी उत्तर दिले नाही.

पहिल्या तालमीला ती चेहऱ्यावर पावडरचा जाड थर देऊन आली. ती पुसून ये, हे मीच सांगावयास हवे होते. पण जीभ उचलेना. शेवटी सिस्टरांनी तिला नळावर नेले. बाल्थाझारसाठी काजळाची डबी मी या वर्षी आणलीच नव्हती.