न मागितलेले खेळ

आमच्या धारवाडच्या घरात क्रीडावाहिनी आली ती क्रिकेटसाठी, पण रुजली ती इतर खेळांमुळे. 1992-93 चा सुमार असेल. माळमड्डीत केबलवाल्याने नारळाच्या झाडांवरून, कौलांवरून काळी वायर ओढत आणली आणि परदेशातल्या मॅचेस दिसतील म्हणून बाबांनी जोडणी घेतली. क्रिकेट काही रोज नसतं; वाहिनीला मात्र दिवसरात्र काहीतरी दाखवावंच लागतं. मग प्राइम स्पोर्ट्सवर भर दुपारी बॅडमिंटन लागे, रात्री मोटारींच्या शर्यती, मधेच स्नूकर. यातलं काहीही आम्ही मागितलं नव्हतं. आणि आमच्या घरातल्या बायकांना खेळाची गोडी लागली ती या न मागितलेल्या खेळांनीच.

त्याआधी खेळ म्हणजे पुरुषांचं राज्य. बाबा ट्रान्झिस्टर कानाशी धरून महाराष्ट्रातलं एखादं केंद्र लागतंय का बघत काटा फिरवायचे. हवा बरी असली की खरखरीतून बाळ ज. पंडितांचा आवाज यायचा, कधी वि. वि. करमरकरांचा, आणि मराठीत कॉमेंट्री ऐकायला मिळाली याच आनंदात बाबा निम्मी मॅच हरलेली विसरायचे. टीव्हीची दुकानं झाली तेव्हा मॅचच्या दिवशी हुबळीला कोप्पीकर रोडवर काचेबाहेर ही गर्दी जमायची. त्या गर्दीत एखादी मुलगी उभी आहे, असं मी कधी पाहिलं नाही. आम्ही सायकलवरून जाता जाता स्कोअर विचारायचो, तोही भावाला पुढे करून.

3 जुलै 1993, शनिवार. धारवाडची पावसाची झड लागलेली. विरजण मागायला आलेल्या शेजारच्या अक्का दारातच थबकल्या, कारण आई भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून टीव्हीसमोर बसली होती. विंबल्डनची फायनल चालू होती, स्टेफी ग्राफ आणि याना नोवोत्ना. आईला टेनिसचं काही कळत नव्हतं. "पंधरानंतर तीस, मग पंचेचाळीस का नाही?" असं ती विचारत होती आणि आम्हा कुणाला उत्तर येत नव्हतं. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना 4-1 ने पुढे होती, पुढचा गेमही हातात आलेला, आणि तिथे तिने डबल फॉल्ट केला. मग एकामागून एक गेम घसरतच गेले. आईने कपाळाला हात लावला, पीठ तिथेही लागलं. बक्षीस समारंभात नोवोत्ना डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, तेव्हा अक्का पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, "अळब्याड तंगी, अळब्याड." रडू नको गं, बाई. विरजण राहिलंच. त्यानंतर दर जूनमध्ये दोघी नोवोत्नाची वाट बघत. 1998 मध्ये ती जिंकली तेव्हा अक्का आमच्याकडे न येता आपल्याच अंगणातून ओरडल्या आणि माळमड्डीच्या त्या बोळात कोण जिंकलं हे सगळ्यांना कळलं.

वाहिन्यांच्या भुकेचा काळ होता तो. 1993 च्या हिरो कपवरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात जुंपली, आणि 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. दारं उघडली. ईएसपीएन आली, स्टार स्पोर्ट्सशी तिची भागीदारी झाली, 2002 मध्ये टेन स्पोर्ट्स आली, 2006 मध्ये निओ. एवढ्या पडद्यांना मजकूर हवा म्हणून टोरांटो, सिंगापूर, नैरोबी अशा ठिकाणी स्पर्धा भरू लागल्या. त्यांना तेव्हा पुष्कळांनी नावं ठेवली. पण 1999 च्या सप्टेंबरात नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सुनील जोशीने 10 षटकांत 6 निर्धाव टाकून 6 धावांत 5 बळी घेतले, ते असल्याच एका स्पर्धेत. गदगचा मुलगा. शाळकरी वयात सरावासाठी पहाटे गदगहून हुबळी गाठायचा, सराव करून शाळेच्या वेळेला परत जायचा. त्या स्पेलचं रिपीट टेलिकास्ट आम्ही किती वेळा बघितलं! आज ती स्पर्धा कुणाच्या लक्षात नाही, पण हुबळी-धारवाडात 10-6-6-5 हे आकडे अजून तोंडपाठ असलेली माणसं भेटतात.

तीच गोष्ट हॉकीची. 2005 ते 2008 अशी चार वर्षं ईएसपीएनने प्रीमियर हॉकी लीग दाखवली. चार भागांत खेळवलेली हॉकी, रंगीत पोशाख, झगमगाट. तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली. पुढे आंतरराष्ट्रीय हॉकीनेही चार भाग स्वीकारले.

मग एकेक पाटी उतरत गेली. बीसीसीआयशी करार मोडल्यावर निओची रयाच गेली. 2013 मध्ये ईएसपीएन हे नाव आपल्या पडद्यावरून गेलं, मध्यंतरी सोनीबरोबर परतलं आणि पुन्हा गेलं. टेन स्पोर्ट्स झीकडून सोनीकडे गेली. या सगळ्यांची आद्य, 1979 मध्ये सुरू झालेली अमेरिकेची ईएसपीएन. तिची घरं 2011 च्या सुमारास 10 कोटी होती, ती पुढच्या बारा-तेरा वर्षांत 7 कोटींच्या आसपास आली. तिथल्या प्रादेशिक क्रीडावाहिन्या चालवणारी मोठी कंपनी 2023 च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे त्याच वर्षी आयपीएल फोनवर फुकट झाली आणि 2024 च्या नोव्हेंबरात टीव्ही नि अ‍ॅप दोन्हीकडचे बडे एकाच घरात आले. 2023 ते 27 या पाच हंगामांच्या आयपीएलच्या हक्कांसाठी 48,390 कोटी मोजले गेले. एका खेळावर एवढा पैसा लावल्यावर दुपारच्या बॅडमिंटनसाठी कुणाकडे काय उरणार?

फोनने दिलंही खूप, ते नाकारायचं नाही. 2023 मध्ये आयपीएल मराठीतही ऐकू आली, आणि मराठीत कॉमेंट्री करणारा केदार जाधव त्याच हंगामात मधूनच आरसीबीच्या संघात गेला. बाबा असते तर त्यांनी दोन्ही आघाड्यांवर टाळ्या वाजवल्या असत्या. माझी भाची हुबळीला कॉलेजात जाते. 2024 च्या महिला प्रीमियर लीगची फायनल तिने मैत्रिणींबरोबर हॉस्टेलच्या जिन्यात बसून फोनवर बघितली. कलबुर्गीच्या श्रेयांका पाटीलने चार बळी घेतले, आरसीबीने कप जिंकला. ज्या वयात मला कोप्पीकर रोडच्या काचेसमोर उभं राहता आलं नाही, त्या वयात ती हातात मॅच घेऊन बसली होती. याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही एक गोष्ट मला टोचते. अ‍ॅप तुम्हाला तुमच्याच आवडीचं पुन्हा पुन्हा वाढतं. जे हवं ते शोधावं लागतं, आणि शोधायला ते आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. आईने टेनिस कधी शोधलं नसतं. स्नूकरचं नावही कुणाला येत नव्हतं. वाहिनी आपल्या गरजेपोटी का होईना, अनोळखी खेळाला घरात आणून बसवायची. घरातल्या थोरांनाही मग त्याच्याशी बोलावं लागायचं.

दादा म्हणतो, डिशवरचा स्पोर्ट्सचा पॅक काढून टाक, बघतं कोण? मी काढत नाही. आईला फोनवर शोधता येत नाही. टीव्ही लावला की काहीतरी चालू असलेलं तिला हवं असतं. गेल्या वर्षी, 2025 च्या जानेवारीत, असंच बटणं दाबता दाबता तिला दिल्लीतला खो-खोचा पहिला विश्वचषक सापडला. आपल्या मुलींची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, संघात कर्नाटकची चैत्रा. फायनलमध्ये नेपाळवर 78-40. आईने "पळ गं पळ, खांब धर!" असा आरडाओरडा सुरू केला, तेव्हा रविवारची घरी आलेली भाची हेडफोन काढून बाहेर आली. खो-खोचा विश्वचषक असतो हे तिला माहीत नव्हतं. ती शाळेच्या संघातून खो-खो खेळलेली आहे. फोन उलटसुलट करत तिने विचारलं, "मला हे का नाही आलं?"