पाहुण्यांशिवाय पन्हाळा

कोल्हापूरची सून आणि पन्हाळा पाहिला नाही, असं कधी होईल का? पुण्याचे दीर-जाऊ आले, चला पन्हाळ्याला. मुंबईच्या मावशी अंबाबाईच्या दर्शनाला आल्या, की दुपारी पन्हाळा ठरलेलाच. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात पन्हाळाही आहे. तेव्हापासून तर पाहुणे घरात पाऊल टाकताच विचारतात, "गडावर कधी जायचं?"

लग्नाला पंधरा वर्षं झाली. एवढ्यात मी पंचवीसएक वेळा तरी गडावर गेले असेन. पण दर वेळी हातात डब्यांची पिशवी, कडेवर कुणाचं तरी मूल आणि लक्ष घड्याळाकडे. सातच्या आत घरी पोचलं पाहिजे, कुकर लावायचा असतो!

मे महिन्यात मात्र योग जुळून आला. मुलं सांगलीला आजोळी, सासूबाई वन्संकडे आणि त्याच आठवड्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस. हे म्हणाले, "महाबळेश्वरला जाऊ या?" मी मनात हिशेब केला. सुट्टीतले खोल्यांचे दर आणि जाण्या-येण्यातच संपणारे दिवस. म्हटलं, "पन्हाळ्यालाच जाऊ. पण या वेळी मुक्कामाला."

"अगं, वीस किलोमीटरवर कसला मुक्काम?" हे हसले. शेजारच्या काकूंनी तर हळूच विचारलं, "घरात काही झालंय का गं?"

निघताना मी सवयीने चार डबे काढले, आणि मग चारही परत मांडणीवर ठेवले. तेवढ्यानेही हात कसे मोकळे मोकळे वाटले.

एस.टी. घाट चढून वर आली, बाजीप्रभूंचा पुतळा दिसला आणि वाऱ्याने पदर उडाला. खोलीवर बॅग ठेवली आणि दोघंही गप्प! खरं सांगते, मला अवघडल्यासारखं झालं. घरी आमचं सगळं बोलणं मुलांची फी, गॅसचा नंबर, दुधाचं बिल यातच संपतं. ते विषय घरी राहिले होते. शेवटी हेच म्हणाले, "मुलांना फोन लावू या का?" लावला. मुलं आंबे खाण्यात इतकी दंग, की दोन मिनिटांत त्यांनीच ठेवून दिला.

ऊन उतरल्यावर फिरायला निघालो. पाहुण्यांबरोबर अंबरखाना म्हणजे "ही बघा धान्याची कोठारं" म्हणून पुढे. या वेळी आत निवांत उभे राहिलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारांची नावं. भिंती इतक्या जाड, की बाहेर मे महिना आहे हे विसरायला होतं. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत पडला होता. त्या दिवसांत कोठीतलं धान्य मापून देताना गडावरच्या बायकांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! महिनाअखेर सांभाळणाऱ्या बाईच्या मनात हेच येणार, नाही का?

तिथून पूर्वेच्या टोकाला सज्जाकोठीवर गेलो. समोर जोतिबाचा डोंगर, खाली पायथ्याची शेतं. शाळेत मी इतिहास शिकवते. संभाजीराजे दिलेरखानाकडून परत आले ते पन्हाळ्यावर. १६८० च्या जानेवारीत इथेच महाराजांची आणि त्यांची भेट झाली, आणि ३ एप्रिलला महाराज गेले. ती भेट याच सज्जाकोठीत झाली, असं सांगतात. मुलांना हा भाग मी नेहमी शिकवते. त्या दिवशी तिथे बसल्यावर मात्र मनात आलं, मनातलं बोलायला माणूस किती दिवस थांबतो!

कारण माझ्याही मनात तीन आठवडे एक गोष्ट होती. बाईंनी मला जूनपासून पूर्ण वेळ याल का, असं विचारलं होतं. "घरी विचारून सांगते," म्हणून आले होते, आणि घरी विचारलंच नव्हतं. सासूबाई समोर, मुलं अभ्यासाला, हे दमून आलेले. वेळच सापडत नव्हती. की धीरच होत नव्हता?

बोलून टाकलं. हे जरा वेळाने म्हणाले, "पण सकाळचं कसं व्हायचं?"

मला वाईट वाटलं. पहिला प्रश्न डब्याचाच! म्हटलं, "अहो, पैशासाठी नाही म्हणत मी. तास संपला की वर्ग सोडून घरी पळत येते ना, ते आता नको वाटतं." हे काही बोलले नाहीत. अंधारून आलं, तसे उठलो.

रात्री झुणका-भाकर, खरडा आणि घट्ट दही. कुणीतरी आयती, गरम भाकरी वाढतंय याचं सुख तुम्हांला वेगळं सांगायला नको. जेवणं झाली तरी तो विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

सकाळी तीन दरवाज्यापाशी, कोरीव काम बघता बघता हे एकदम म्हणाले, "मुलांचं सकाळचं आवरणं आणि भाजी माझ्याकडे. पोळ्या मात्र मला जमायच्या नाहीत. आणि आईशी मी बोलतो." मी नुसती मान हलवली. बोलले असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं.

मैत्रिणींनो, लांबच जायला हवं असं नाही. जवळचं ठिकाण निवडलं तर प्रवासात दिवस जात नाही, आणि मुलांना काही लागलंच तर तासाभरात परत येता येतं. शनिवार-रविवार टाळा, दुपारच्या उन्हात हिंडू नका, संध्याकाळच्या वाऱ्यासाठी शाल घ्या. आणि एक रात्र तरी राहा. आमची पहिली संध्याकाळ गप्प राहण्यातच गेली. जे काही सुटलं, ते सकाळी सुटलं.

जूनपासून मी पूर्ण वेळ शिकवते. भाजीत मीठ कधी कमी असतं, कधी जास्त. मागच्या आठवड्यात पुन्हा पाहुणे आले, पुन्हा पन्हाळा झाला. सज्जाकोठीवर मी त्यांना इतिहास सांगत होते. मागे उभे राहून हे उगाचच हसत होते.