तव्यावरचे मोती

माझी लेक इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करते. कोणी विषय विचारला, की मी आपली सांगायची, "काहीतरी पाणी फवारते बाई!" चार वर्षं झाली तरी ते फवारणं संपेना. बरोबरीच्या मुली नोकरीत, संसारात रुळल्या. गेल्या दिवाळीत न राहवून म्हणाले, "पुरे आता. तापलेला पत्रा पाणी मारून निववायला एवढं काय शिकायचं असतं?"

ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी घावनांसाठी बिडाचा तवा गॅसवर ठेवला आणि फोनवर बोलत बसले. येऊन बघते तर तवा भलताच तापलेला. घाईने पाण्याचा हबका मारला. चुर्र झालंच नाही. थेंबांचे मोती होऊन तव्यावर पळत सुटले.

"आई, हाच माझा विषय!" लेक मागे उभी होती.

मग तिने समजावलं. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला ७० कॅलरी उष्णता लागते. त्याची वाफ व्हायला आणखी सुमारे ५४०. म्हणून फवारा एवढा गुणी. पण धातू दोनशे अंशांच्या आसपास तापला, की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. थेंब धातूला शिवतच नाही. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १७५६ सालीच हे लिहून ठेवलंय. पोलाद कारखान्यात लालबुंद पत्रे थंड करताना हीच गादी आड येते.

"मग जास्त पाणी ओतायचं?"

"नाही गं, पृष्ठभागच बदलायचा." ती धातूवर बारीक कणांचा सच्छिद्र लेप देते. तो पाणी ओढून घेतो आणि वाफेला निसटायला वाट ठेवतो. हाँगकाँगच्या संशोधकांनी तर २०२२ मध्ये पोलादावर बारीक खांब आणि त्यांच्यामध्ये उष्णतारोधक पडदा बसवून ११५० अंशांपर्यंत ही गादी होऊ दिली नाही.

"माझा लेप मात्र पुन्हा पुन्हा तापला की सोलवटतो. तो टिकावा म्हणून ही चार वर्षं, आई."

मला एकदम कसंतरीच झालं. चार वर्षं मी 'कधी संपणार?' एवढंच विचारत होते. काय अडलंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

गॅस बारीक केला. थोड्या वेळाने पुन्हा हबका मारला. चुर्र! पहिलं घावन तिच्या ताटात वाढलं आणि शेजारी बसून म्हटलं, "आता सांग, लेप नेमका कुठून सुटतो?"