तळाची मशागत

काचेच्या टाकीत माती घालायची म्हटलं, की घरातली मंडळी दचकतात. पाणी गढूळ होईल, वास मारेल, मासे मरतील. दुकानदारही नको म्हणतो आणि निळ्या-गुलाबी खडीची पिशवी पुढे करतो. पण ज्यानं भाताची लावणी पाहिली आहे, त्याला या मातीचं भय वाटू नये. चिखलणी झाली, रोपं लागली, की खाचरातलं पाणी निवळतं आणि रोप त्या चिखलावर पोसतं. पाण्याखालची माती वनस्पतीला कशी वाढवते, हे सगळं त्या खाचरात शिकायला मिळतं. म्हणून टाकीसाठी वनस्पती निवडायच्या असल्या, तरी माझी सुरुवात तळापासून होते. तळ ठरला, की झाडांची अर्धी यादी आपोआप ठरते.

मातीवर पाणी साचून राहिलं, की वरचे काही मिलिमीटर सोडून खालच्या थरातला प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू मग श्वसनासाठी दुसरे पदार्थ वापरू लागतात. लोह हा त्यांतला महत्त्वाचा. तांबड्या मातीतलं लोह गंजाच्या रूपात असतं. ते विरघळत नाही, त्यामुळे मुळांना मिळत नाही. जिवाणूंच्या कामानं ते विरघळतं, आणि त्याला चिकटून बसलेला स्फुरदही मोकळा होतो. नत्र अमोनियमच्या रूपात टिकतो, आणि बऱ्याच पाणवनस्पती नत्र त्याच रूपात आधी उचलतात. अशा गुदमरलेल्या चिखलात मुळं तग धरतात, कारण भातासारख्या वनस्पतींच्या अंगात हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडचा प्राणवायू त्यांतून मुळांपर्यंत उतरतो आणि थोडा बाहेरही झिरपतो. भाताचं रोप उपटलं, की मुळांवर तांबूस लेप दिसतो, तो याच व्यवहाराचा पुरावा: विरघळलेलं लोह मुळाजवळच्या प्राणवायूला भेटून पुन्हा गंजलेलं असतं. क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया, ॲपोनोजेटॉन यांचीही मुळं याच रीतीनं जगतात.

हे समजल्यावर मला आपला जांभा नव्यानं दिसू लागला. कास्पार होर्स्ट आणि होर्स्ट किपर या जर्मन लेखकद्वयाच्या ‘द ऑप्टिमम ॲक्वेरियम’ या पुस्तकानं १९८०च्या दशकात खडीच्या खालच्या थरात जांभ्याचा चुरा मिसळण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि परदेशात जांभा डब्यांत भरून विकला जाऊ लागला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ज्याच्या चिऱ्यांनी घरं उभी राहतात, तोच हा दगड! मात्र जांभा म्हणजे पूर्णान्न नव्हे. हजारो पावसाळ्यांनी त्यातली विरघळणारी अन्नद्रव्यं धुऊन नेलेली असतात. उरतं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. शिवाय अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी. देशावरची काळी माती नेमकी उलट: ती अन्नद्रव्यं घट्ट धरते, पण भिजली की फुगते, तिचे कण अतिशय बारीक असतात, आणि तिच्यात बहुधा चुनखडीचे खडे असतात. मी दोन्ही मिसळते. जांभ्याची चाळलेली माती तीन भाग, काळी माती एक भाग, आणि वर मूठभर जुनं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत. ताजं शेणखत कधीच नाही. त्यातून सुटणारा अमोनिया माशांच्या कल्ल्यांना झेपत नाही. हे मिश्रण भिजवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. असं काही वेळा केलं, की कुजण्यासारखं जे असतं ते टाकीबाहेरच कुजून जातं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

दोन फुटी टाकीत, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद तळावर, अडीच सेंटिमीटर मातीसाठी साडेचार लिटर मिश्रण पुरतं. त्यावर तेवढ्याच जाडीचा खडीचा थर. मातीच्या टाकीचा हा मार्ग अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड ॲक्वेरियम’ या पुस्तकात सविस्तर मांडला. दुसरा मार्ग जपानच्या ताकाशी अमानोंचा: भाजलेल्या मातीचे तयार दाणे, ज्यांना सगळे ॲक्वा सॉइल म्हणतात. ते दाणे उत्तम असतात, हे मी मनापासून सांगते. ते पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी करतात, आणि नाजूक लाल वनस्पती त्यांत खुलतात. पण मुंबई-पुण्याला धरणातलं पाणी येतं, ते मुळातच बरंच मृदू असतं. तिथे या गुणासाठी एवढे पैसे मोजायची गरज मला वाटत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यावर टाकी चालवायची असेल, तर गोष्ट वेगळी. मात्र जड पाण्यात त्या दाण्यांचा हा गुण लवकर ओसरतो, आणि नवे दाणे पहिले काही आठवडे अमोनिया सोडतात, हे धरून चालायचं. तोवर टाकीत मासा नको.

वरच्या थरासाठी दोन-तीन मिलिमीटरची रेव मला सर्वांत जवळची. दाणा फार मोठा असला, की माती फटींतून वर येते आणि माशांचं उरलेलं खाणं आत जाऊन कुजतं. फार बारीक वाळू दाबून बसते. आणि किनाऱ्यावरची वाळू तर नकोच: तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो. कोणतीही रेव आणली, की थोडी वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतावं. बुडबुडे उठले तर चुना आहे, ती परत करावी. काळ्या दगडाची बारीक खडी चालते, फक्त तिच्या धारदार कडा तळाशी चरणाऱ्या कोरीडोरससारख्या माशांच्या मिशांना त्रास देतात. रंगवलेल्या खडीचा रंग कालांतरानं उडतो, आणि तिच्यावर मासेही बावरल्यासारखे फिके पडतात. मला ती पाहवत नाही.

आता झाडं. इथे एकच प्रश्न विचारायचा: हे झाड मुळानं जेवतं की पानानं? क्रिप्टोकोरीन, ॲमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिसनेरिया मुख्यतः मुळानं जेवतात. मातीचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी. हॉर्नवर्टला मुळंच नसतात, ते पाण्यातलंच उचलतं. जावा फर्न आणि अनुबियास यांचं जाड आडवं खोड मातीत पुरलं तर कुजतं; त्यांना दोऱ्यानं लाकडाला किंवा दगडाला बांधायचं. ज्याला माती नकोच असेल, त्यानं साध्या रेवेवर याच तिघांची टाकी करावी. ती सुंदर होते, आणि मे महिन्यात पाणी तिशीच्या वर गेलं तरी सहसा टिकते.

दुकानातली एक फसगत मात्र सांगायलाच हवी. लकी बांबू, सिंगोनियम, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस, गवतासारखं मोंडो: ही जमिनीवरची झाडं पाणवनस्पती म्हणून सर्रास विकली जातात. पाण्यात ती काही आठवडे हिरवी दिसतात, मग बुडापासून सडतात. झाड हातात घेऊन पाण्याबाहेर धरावं. अस्सल पाण्यात वाढलेलं पान बहुधा लुळं पडतं, त्याला स्वतःचा भार पेलत नाही. पण ही कसोटी सर्वांना लागू नाही. अनुबियासचं पान कुठेही ताठच असतं, आणि रोपवाटिकेत अस्सल पाणवनस्पतीही पुष्कळदा पाण्याबाहेर वाढवतात. टाकीत गेल्यावर त्यांची जुनी पानं झडतात आणि पाण्याला साजेशी नवी येतात. क्रिप्टोकोरीन तर जागा बदलली की अक्षरशः विरघळतं. ते मेलं समजून उपटणं हाच त्याच्यावरचा खरा घाव. मुळं जिवंत असतात. हात लावू नये.

आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतच क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस वाढतात, याचं मला फार अप्रूप आहे. कासच्या पठारावरच्या पावसाळी डबक्यांतला वायतुरा हा ॲपोनोजेटॉनच. उन्हाळ्यात डबकं आटतं, तेव्हा तो कंदाच्या रूपात झोपतो. तो जगात फार थोड्या जागी उरला आहे. तो तिथेच पाहावा, टाकीसाठी उपटून आणू नये. बाजारातला लागवडीचा क्रिस्पस कंद आणावा. त्याची पानं झडली तर तोही विश्रांती घेतो आहे, असं समजावं.

लावताना पहिल्या दिवशीच टाकी झाडांनी गच्च भरावी. विस्टेरिया, हायग्रोफिला, हॉर्नवर्ट अशी भराभर वाढणारी झाडं अर्धी जागा व्यापू देत. मातीतून जे जास्तीचं सुटतं ते शेवाळाच्या आधी ती उचलतात. पुढे क्रिप्टोकोरीनचं बस्तान बसलं, की ती काढता येतात. काढलेल्या कांड्या कुंडीत कुजवाव्यात, नदी-नाल्यात कधीच टाकू नयेत. ब्राझीलकडची जलपर्णी शोभेची म्हणूनच जगभर फिरली, आणि मुळा-मुठेवर आणि पंचगंगेवर तिचा गालिचा आपण पाहतोच. दिवा सुरुवातीला सहा तास पुरे.

काचेतून मातीत काळे पट्टे दिसू लागले, की लोक घाबरून तळ उपसायला निघतात. काळेपणा बहुधा लोह आणि गंधक एकत्र आल्याचा असतो, आणि तो चांगला: लोहानं गंधक बांधून ठेवलं, म्हणून विषारी वायू कमी झाला. जांभ्याचा हा दुसरा उपकार. खडीत काडी खुपसल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, तर मात्र सेंद्रिय भाग जास्त झाला आहे. तिथे मुळानं जेवणारं झाड लावावं, आणि वाळूत बिळं करणाऱ्या लांबट शंखाच्या गोगलगायी सोडाव्यात. त्या आपल्याकडच्या ओढ्या-तळ्यांतल्याच, आणि रात्रभर तळ हलवत राहतात.

काही वर्षांनी माती थकते. क्रिप्टोकोरीनची नवी पानं फिकी येऊ लागतात आणि शिराच तेवढ्या हिरव्या राहतात. तेव्हा टाकी मोडायची नाही. जांभ्याची माती, थोडी काळी माती आणि चिमूटभर गांडूळखत मळून सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या, सावलीत खडखडीत वाळवायच्या, आणि चिमट्यात धरून एकेक गोळी झाडाच्या मुळाशी, खडीच्या थेट खाली ढकलायची. एका बैठकीत तीन-चारच. बाकीच्या पुढच्या पंधरवड्यात.