चवीपुरते औषध

पिंपळगाव राजात एखाद्याच्या अंगावर पित्त उठले, की ते त्याचे एकट्याचे राहत नाही. ते गावाचे होते. यंदा होळीनंतर एका सकाळी मी ओट्यावर बसून दाराच्या चौकटीला पाठ घासत होतो. दुपारपर्यंत तीन घरांतून आमसुले आली, एका घरातून काळी घोंगडी आली आणि संध्याकाळी शेजारचे काकाजी जातीने आले. त्यांनी माझ्या दंडावरच्या गांधी तलाठ्याने सातबारा पाहावा तशा पाहिल्या आणि निकाल दिला, "मास्तर, वांगे सोडा."

त्यानंतर जो आला त्याने काही ना काही सोडायला सांगितले. एकाने आंबट, एकाने हरभऱ्याची डाळ, एकाने तर चिंता सोडायला सांगितले. पण ती सोडून दुसरे काय धरायचे ते सांगितले नाही. आंब्याचे दिवस आले तेव्हा आंब्यावर आळ आला, आंबे संपले तरी गांधी होत्याच. शेवटी मी, छत्तीस वर्षे मुलांना विचार करायला शिकवलेला माणूस, चारचौघांत म्हणालो, "बाहेरचे तर मी काही खात नाही. म्हणजे जे काय आहे ते घरातल्याच खाण्यात आहे."

सौभाग्यवती तेव्हा आत चहा गाळत होती. चहा नेहमीपेक्षा जरा उशिरा बाहेर आला.

खामगावला डॉक्टरांकडे गेलो. हे डॉक्टर माझ्या हाताखालून गेलेले नाहीत, त्यामुळे दरडावण्याचा हक्क त्यांच्याकडे होता. ते म्हणाले, की अंगावरचे पित्त महिनोन्‌महिने टिकले तर त्याचे कारण खाण्यात सापडतेच असे नाही, फार वेळा सापडत नाहीच. पण आमच्या मनात खाण्याचा संशय इतका पक्का बसला होता, की एकदा काय ते पाहून घेऊ, असे ठरले. तीन आठवडे गहू, दूध, शेंगदाणे, तीळ आणि सोयाबीन बंद. मग एकेक पदार्थ परत आणायचा, प्रत्येकाला तीन दिवस द्यायचे आणि वहीत लिहायचे. अल्बर्ट रो नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी ही पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले, असेही त्यांनी सांगितले.

घरी येऊन मी ही माहिती मोठ्या ऐटीत दिली. ही म्हणाली, "त्यात काय नवं हाये? कांदेनवमीले कांदा सोडायचा न् चंपाषष्ठीले भरीत-रोडगे करून वांगं धरायचं. त्या अमेरिकेच्या डॉक्टरले आपल्या इकडचं कोणी भेटलं असन."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण ती बरोबर होती. फक्त डॉक्टर रोंच्या चातुर्मासात खंडोबा नव्हता.

आता खरी गंमत औषधांची. डॉक्टरांनी विचारले होते, "सध्या काय काय घेता?" मी हजेरी घेतल्यासारखी नावे वाचली: रक्तदाबाची एक गुलाबी गोळी, डी जीवनसत्त्वाची आठवड्याला एक पुडी आणि पुण्याच्या मुलाने कुरिअरने पाठवलेली मल्टिव्हिटॅमिनची बाटली. त्या बाटलीतली कॅप्सूल घेतल्यापासून एका बाबतीत फरक पडला होता, पण तो पिवळाधमक रंग रायबोफ्लेविनचा असतो आणि जास्तीचे जीवनसत्त्व शरीर बाहेर टाकते, हे समजल्यावर मुलाचे पैसे कुठे जातात ते रोज डोळ्यांनी दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, "मल्टिव्हिटॅमिन आणि पुडी तीन आठवडे थांबवा. त्यांत रंग असतात, भर असते. गांध उठली तर भाकरीमुळे की बाटलीमुळे, कळायचे नाही. पण रक्तदाबाच्या गोळीला हात लावायचा नाही. बदलायची झाली तर मी बदलेन."

हे मी ऐकले. पण ऐकणे आणि मास्तरकी यांचे फारसे जमत नाही.

कांदेनवमीच्या दुसऱ्या दिवशी प्रयोग सुरू झाला. डॉक्टरांच्या यादीत कांदा नव्हता, काकाजींच्या यादीतले वांगे नव्हते; हिने दोन्ही याद्यांना आपली तिसरी जोडली. उरले काय? ज्वारीची भाकर, मुगाचे वरण, दोडके आणि भात. त्या याद्यांपुढे मी नांदुऱ्याच्या १०५ फुटी मारुतीपुढे उभा राहावा तसा उभा होतो. चहा कोरा. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या कुटाशिवाय झाली. तिचे वर्णन सणासुदीला करू नये. पाचव्या दिवशी एक पाहुणे शेगावहून गरम कचोऱ्या घेऊन आले. मी वास घेतला आणि वहीत लिहिले, "वास: प्रतिक्रिया नाही."

रिकामे पोट माणसाला चिकित्सक करते. मी भिंग घेऊन औषधांच्या पट्ट्या वाचू लागलो. गोळीत औषध किती मिलिग्रॅम ते लिहिलेले असते, आणि त्याखाली लिहिलेले असते, 'एक्सिपिएंट्स क्यू.एस.' म्हणजे भर घालायचे पदार्थ, लागतील तितके. हिला पाककृती विचारल्यावर मीठ 'चवीपुरते' असते तसेच! नातवाने मोबाइलवर शोधून सांगितले, की गोळी बांधायला पुष्कळदा लॅक्टोज वापरतात. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. दूध बंद आणि दुधातली साखर चालू, हे कुठले शास्त्र? शिवाय गोळी गुलाबी. गुलाबी रंग काही आपोआप येत नाही.

म्हणून मी ती गोळी बंद केली. गोळीभर लॅक्टोज ते किती आणि डॉक्टरांना एक फोन करायला किती वेळ लागतो, हे प्रश्न मला पडले नाहीत. हिला कळू नये म्हणून रोज सकाळी पाणी पिण्याचे नाटक करून गोळी तुळशीच्या कुंडीत पुरत होतो. त्या आठवड्यात आमची तुळस फार शांत दिसायची. माझे डोके मात्र दुखत होते; ते मी कोऱ्या चहाच्या खात्यावर मांडले.

आठव्या दिवशी आषाढाने दगा दिला. रात्रभर पाऊस कोसळला, आणि सकाळी ही पाणी घालायला गेली तेव्हा कुंडीत माती वाहून जाऊन अर्धवट विरघळलेल्या गोळ्या वर आलेल्या. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती काहीच बोलली नाही. घरातली यच्चयावत औषधे, खुंटीवरच्या सदऱ्याचे खिसेसुद्धा उलटे करून, तिने भाजीच्या पिशवीत भरली आणि म्हणाली, "चपला घाला."

खामगावला रक्तदाब निघाला १८० वर १००. डॉक्टर काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझे काही विद्यार्थी हे वाचतील. हिने पिशवी टेबलावर उपडी केली. बाटली, पुड्या, गुलाबी पट्टी, आणि सगळ्यांत शेवटी एक कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा. त्यावर नावाची शेपटी तेवढी शिल्लक होती: 'फेनॅक'.

"हे काय?"

"ते औषध नाही," मी म्हणालो. "ती गुडघ्याची गोळी आहे."

"कधीपासून घेता?"

"होळीच्या आधी एक-दोन दिवस. लाकडं वाहिली होती. तेव्हापासून रोज एक. कधी दोन."

"आणि पित्त?"

खोलीत पंखा फिरत होता. ही माझ्याकडे पाहत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो.

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी काहींच्या अंगावर पित्त उठते, असलेले वाढते, आणि त्या रक्तदाबही चढवतात. खात्री ती बंद करून पाहिल्याशिवाय देता येत नाही. ती बंद झाली, गुलाबी गोळी सुरू झाली, गुडघ्यासाठी त्यांनी व्यायाम लिहून दिला. घरातले सगळे अन्न मी संशयावरून कोठडीत टाकले होते आणि खिशातल्या गोळीला मात्र साधे नावही विचारले नव्हते.

परतीच्या एसटीत ही खिडकीशी बसली. बराच वेळ बाहेरची कपाशी पाहत होती. मग तिकडेच पाहत म्हणाली, "मंग माह्या हातच्या खाण्यानं नव्हतं न?"

चारचौघांतले ते वाक्य तिने इतके दिवस जपून ठेवले होते. मला उत्तर आले नाही. मी कंडक्टरला, काढलेले तिकीट पुन्हा मागितले.

दोन आठवड्यांत गांधी विरळ होत गेल्या आणि मग गेल्या. तरी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पदार्थ एकेक करूनच परत आणले. पहिल्या तीन दिवसांत दूध आले. त्या चहाबद्दल वहीत अख्खे पान आहे. मग गहू आला, तीळ आले. सोयाबीन आम्हा दोघांनाही आवडत नाही, पण त्यालाही संधी दिली. शेंगदाण्यांच्या दिवशी मी फडताळातली बरणी काढली. मोह नको म्हणून मीच तिला पहिल्या दिवशी सुतळी बांधली होती. सुतळीची गाठ माझीच होती, दाणे तेवढेच होते.

"तू ठेचा कशाचा खात होतीस?" मी विचारले.

"मिरचीचा," ही म्हणाली. "दोघांसाठी दोन भाज्या न् दोन ठेचे कोण करन?"

तिने दाणे भाजले, खलबत्त्यात मिरची-लसणाबरोबर ठेचले. लसूण तिच्या चातुर्मासात बसत नाही, पण त्या दिवशी तिने तो माझ्यापुरता बसवला. मी भाकरीचा पहिला घास घेतला आणि वही उघडली. 'शेंगदाणे, दिवस पहिला' असे लिहून थांबलो.

"थांबले कायले?" ती म्हणाली. "लिहा न, हातचं चाललं म्हणून."

मी लिहिले. तिने वही हातात घेऊन वाचून पाहिले आणि शुद्धलेखनाची एक चूक दाखवली.

वांगे तेवढे अजून राहिले आहे. डॉक्टरांची त्याला कधीच हरकत नव्हती, पण ते हिच्या यादीत आहे आणि चंपाषष्ठीला अवकाश आहे. काकाजी परवा ओट्यावर आले होते. माझे दंड पाहून म्हणाले, "पाहा, वांगे सोडल्याचा गुण!"