‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’

मागच्या महिन्यात आमच्या छोट्या न्यूज पोर्टलने मान टाकली. होस्टिंगवाल्याने जुनं पीएचपी ५ बंद केलं आणि आमचं पान पांढरं फटक. २०१३ साली ज्याने साईट बनवून दिली, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, माझ्या लॅपटॉपवर तर अजून चालतंय!"

शेवटी ओळखीतला एक पोरगा गंगापूर रोडवरून घरी आला. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा, त्यामुळे माझ्याकडे चहाचं खातं. पठ्ठ्याने दोन तास कोडला हात लावला नाही. आधी डॉकरमध्ये जुनं पीएचपी, जुना डेटाबेस जसाच्या तसा मांडला. साईट दिसली! मग शेजारी नवं वातावरण उभं करून चुका शोधल्या. म्हणाला, "काका, डिसेंबर २०१५ ला पीएचपी ७ आलं, त्यात डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स काढली. तुमची साईट त्यांच्यावरच उभी आहे."

जाताना पंधरा-वीस ओळींची एक फाईल दिली. कुठली आवृत्ती, कुठला डेटाबेस, सगळं त्यात. पासवर्ड मात्र वेगळ्या फाईलमध्ये, ती गिटवर टाकायची नाही. लग्नातल्या आचाऱ्याची यादीच ही. यादी हातात असली की दुसरा आचारीही पंगत सांभाळतो.

तेव्हापासून एक गोष्ट खातेय. गेल्या सिंहस्थाआधी, २०१४-१५ मध्ये, आपल्या नाशिकच्याच रमेश रासकरांच्या पुढाकाराने कुंभथॉन झालं. पोरांनी गर्दी, आरोग्य, पार्किंगवर डोकं लढवलं. तेव्हा आम्ही पत्रकार काय विचारायचो? ॲप काय करतं? उद्या दुसऱ्याला ते पुन्हा उभं करता येईल का, हे मी एकदाही विचारलं नाही. चूक माझी.

आता पुन्हा सिंहस्थ तोंडावर आहे. जनतेच्या पैशातून ॲप बनतील. केंद्राने २०१५ मध्येच सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करण्याचं धोरण काढलंय. पण नुसता कोड म्हणजे यादीशिवायचा शिधा. म्हणून बिल पास करण्याआधी एवढंच करा: कोऱ्या लॅपटॉपवर, ठेकेदाराचा माणूस हात न लावता, लिहून दिलेल्या सूचनांवरून ते ॲप चालवून दाखवा.

पुढच्या पत्रकार परिषदेत मी हे विचारणार आहे. तुम्हीही विचारा. रामकुंडावर हरवलेल्या म्हातारीला ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ सांगून भागणार नाही.